फिरोजा खरा की खोटा? खड्याची पारख, किंमत आणि निगा

आपल्या घरांत फिरोजा बहुधा तीन वाटांनी येतो. मशहद, कर्बला, नजफच्या जियारतहून किंवा उमराहहून परतणारं कुणीतरी भेट म्हणून अंगठी आणतं. निकाहच्या दागिन्यांत कुंदनाच्या सोबतीला निळे मणी येतात. आणि तिसरी वाट वारशाची. दादी-नानीच्या डब्यातून एखादी जुनी अंगठी, कानातले किंवा तावीजाची पेटी निघते आणि त्यात हिरवट पडलेला एक खडा असतो.

तिन्ही वेळा प्रश्न एकच असतो: हा खरा आहे का, आणि याची किंमत किती? उत्तर सोपं नाही, कारण सर्वात जास्त नक्कल होणाऱ्या खड्यांमध्ये फिरोजाचा नंबर बराच वर लागतो. शिवाय इथे मामला फक्त खरा किंवा खोटा एवढ्यावर संपत नाही. खरा पण रंगवलेला, खरा पण प्लास्टिकने भरलेला, खऱ्याच्या भुकटीपासून बनवलेला, असे मधले बरेच प्रकार आहेत. दुकानात या सगळ्यांना एकच नाव असतं, ‘असली फिरोजा’. घरी ठेवावी, खरेदीला जाताना वाचावी अशी माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

फिरोजा म्हणजे नेमकं काय

फिरोजा हे तांबं आणि ॲल्युमिनियम यांचं पाणी धरून असलेलं फॉस्फेट आहे. तांब्यामुळे त्याला निळा रंग येतो. ॲल्युमिनियमच्या जागी लोह शिरलं की रंग हिरव्याकडे झुकतो. म्हणून निळा तोच खरा आणि हिरवा तो खोटा, ही समजूत चुकीची आहे. दोन्ही रंग कुदरती आहेत.

हा खडा कोरड्या, रेताड मुलुखात सापडतो. तांबं असलेल्या खडकांमधून पाणी झिरपत राहतं आणि भेगांमध्ये हळूहळू फिरोजा जमतो. त्यामुळे तो हिऱ्या-माणकासारखा पारदर्शक स्फटिक म्हणून क्वचितच मिळतो. तो अपारदर्शक असतो आणि बहुतेक वेळा त्यात आजूबाजूच्या दगडाच्या काळ्या, तपकिरी रेषा अडकलेल्या असतात. या रेषांच्या जाळीला बाजारात ‘मॅट्रिक्स’ म्हणतात.

कठीणपणाच्या मोह्स मापात फिरोजा 5 ते 6 वर आहे. म्हणजे काचेच्या आसपास, अकीकपेक्षा नरम. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे तो सच्छिद्र आहे. तेल, घाम, अत्तर, साबण तो आत ओढून घेतो. फिरोजाच्या बऱ्याच कहाण्यांचं मूळ या एका गुणात आहे: रंग का बदलतो, त्याच्यावर प्रक्रिया का करतात, आणि तो रंगवणं एवढं सोपं का जातं.

नावाचंही सांगायला हवं. फारसीत ‘पीरोजा’ म्हणजे विजयाशी नातं सांगणारा शब्द, अरबीत तो ‘फैरोज’ झाला आणि आपल्याकडे फिरोजा किंवा पिरोजा. युरोपात हा माल तुर्कस्तानच्या वाटेने गेला म्हणून तिकडे त्याला ‘तुर्की दगड’ अशा अर्थाचं नाव पडलं, तेच आजचं ‘टर्कॉइज’. खाणी मात्र इराणच्या होत्या.

कुठला फिरोजा?

सर्वात नावाजलेला फिरोजा इराणच्या खुरासान भागातल्या नैशापूरचा. उमर खय्याम आणि फरीदुद्दीन अत्तार यांचं हे गाव. गावापासून सुमारे 50 किलोमीटरवरच्या डोंगरात दोन हजारांहून जास्त वर्षं खाणकाम चालत आलं आहे. अल-बिरुनी यांनी अकराव्या शतकात रत्नांवर ‘किताब अल-जमाहिर’ हा ग्रंथ लिहिला, त्यात फिरोजावर स्वतंत्र मजकूर आहे. नसीरुद्दीन तूसी यांच्या ‘तनसूखनामा’ या ग्रंथातही या खड्याची चर्चा आहे. म्हणजे फिरोजाची पारख हा आपल्या इल्मी वारशाचाही एक भाग आहे.

इराणी व्यापारात आजही दोन शब्द कानावर पडतात. ‘अजमी’ म्हणजे रेषा नसलेला, एकसारखा आकाशी निळा. ‘शजरी’ म्हणजे झाडाच्या फांद्यांसारख्या रेषा असलेला. शजर म्हणजे झाड, हे अरबी शिकणाऱ्या मुलांनाही ठाऊक असतं. अजमीचा भाव सहसा जास्त असतो, पण सुरेख जाळीच्या शजरीचेही शौकीन आहेत.

इजिप्तच्या सिनाई भागातल्या खाणी फिरऔनांच्या काळापासूनच्या. तिथला फिरोजा बराचसा हिरवट निळा. तिबेट आणि लडाखमध्ये हिरवट, भरपूर रेषांचा फिरोजा आवडतो. लडाखी स्त्रियांच्या ‘पेराक’ या शिरोभूषणावर त्याच्या रांगाच असतात. अमेरिकेतल्या ॲरिझोना आणि नेवाडातही खाणी आहेत. ॲरिझोनाच्या ‘स्लीपिंग ब्यूटी’ खाणीचा स्वच्छ निळा फिरोजा फार खपायचा. तिथलं फिरोजाचं काम 2012 मध्ये बंद झालं आणि त्या नावाच्या जुन्या मालाचा भाव चढला. आज बाजारात येणारा बराच माल चीनचा, मुख्यतः हुबेई प्रांतातला असतो. भारतात फिरोजाची नावाजलेली खाण नाही. मात्र जयपूर हे खडे घासण्याचं आणि त्यांच्या व्यापाराचं मोठं केंद्र आहे.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. ‘इराणी’ किंवा ‘पर्शियन’ हा शब्द व्यापारात अनेकदा दर्जा सांगण्यासाठी वापरतात. स्वच्छ निळा दिसला की तो ‘इराणी’, मग खाण कुठलीही असो. फक्त रंग पाहून खड्याचा देश ठरवता येत नाही. चीन आणि अमेरिकेतही तसा रंग निघतो. त्यामुळे केवळ ‘नैशापुरी’ या शब्दासाठी जास्त पैसे मोजू नका. मोजायचे असतील तर तो शब्द बिलावर लिहून घ्या. मशहदमधून घेतला म्हणजे नैशापुरीच, असंही नसतं. जियारतच्या शहरांत गिऱ्हाईक जगभरातून येतं, तसा मालही जगभरातून येतो.

चार दर्जे: इथेच सगळा फरक आहे

फिरोजाच्या नावाने जे विकलं जातं त्याचे ढोबळ चार दर्जे करता येतात.

पहिला, कुदरती आणि प्रक्रिया न केलेला. खाणीतून काढला, घासला, पॉलिश केला, बस्स. असा पक्का, चांगल्या रंगाचा खडा कमीच मिळतो आणि महाग असतो. वरून हलकं मेण लावण्याची पद्धत जुनी आहे, तीही विचारून घ्यावी.

दुसरा, खरा पण प्रक्रिया केलेला. खाणीतला बराच फिरोजा खडूसारखा भुसभुशीत आणि फिका निघतो. त्यात दाबाखाली राळ किंवा प्लास्टिक भरतात. याला ‘स्टॅबिलाइज्ड’ म्हणतात. खडा मजबूत होतो, रंग गडद दिसतो आणि टिकतोही. ‘झॅकरी’ नावाची आणखी एक प्रक्रिया आहे, तिच्यात प्लास्टिक भरत नाहीत, तरीही खड्याची चमक आणि रंग सुधारतो. ती साध्या तपासणीत पकडता येत नाही, त्यासाठी लॅबमध्ये रासायनिक पृथक्करण लागतं. स्टॅबिलाइज्ड फिरोजा खोटा नाही आणि रोजच्या वापराला तो चांगलाच. पण त्याची किंमत पहिल्या दर्जाची लावणं ही फसवणूक आहे.

तिसरा, जोडून बनवलेला. फिरोजाचा चुरा आणि भुकटी राळेत मिसळून, दाबून ठोकळे करतात आणि त्यातून खडे कापतात. याला ‘रिकन्स्टिट्यूटेड’ म्हणतात. ‘ब्लॉक’ नावाने जे मिळतं त्यात तर बऱ्याचदा फिरोजा अजिबात नसतो, नुसतं प्लास्टिक आणि रंग.

चौथा, संपूर्ण नक्कल. काच, प्लास्टिक, चिनीमाती, किंवा दुसराच दगड रंगवलेला. ही नक्कल आजची नाही. फिरऔनांच्या इजिप्तमध्येही निळ्या झिलईचे मणी बनत होते.

दुकानदाराला ‘खरा आहे का?’ असं विचारलं तर दुसऱ्या दर्जाचा माल दाखवणाराही कसम खाऊन हो म्हणेल, आणि तो तसा खोटंही बोलत नसेल. म्हणून प्रश्न असा विचारा: ‘यावर काय काय प्रक्रिया केली आहे?’

फिरोजाचं सोंग घेणारे

सर्वात जास्त वापरला जातो तो होलाइट. पांढरा दगड, त्यात करड्या रेषा, आणि रंग पटकन पितो. निळ्या रंगात बुडवला की शजरी फिरोजासारखा दिसतो. मॅग्नेसाइटही तसाच. स्वस्त माळा, ब्रेसलेट आणि तसबीहच्या दाण्यांमध्ये हे दोन सर्रास सापडतात. ‘पांढरा फिरोजा’ म्हणून जे विकतात ते बऱ्याचदा न रंगवलेलं होलाइट किंवा मॅग्नेसाइट असतं. ‘आफ्रिकन टर्कॉइज’ हा प्रत्यक्षात एक प्रकारचा जॅस्पर आहे. जांभळा फिरोजा निसर्गात नाही, तो रंगवलेलाच.

ॲमेझोनाइट आणि क्रायसोकोला हे मात्र स्वतंत्र, खरे दगड आहेत. दिसायला जवळचे असल्यामुळे गोंधळ होतो. ॲमेझोनाइट उजेडात फिरवला तर पांढरट रेघांची जाळी आणि एक वेगळीच चकाकी दिसते. क्रायसोकोला फिरोजापेक्षा नरम असतो.

जुन्या दागिन्यांमध्ये आणखी एक गफलत होते. फिरोजी रंगाची मिनाकारी म्हणजे धातूवर वितळवून बसवलेली रंगीत काच. तो खडा नसतो. पण ती खोटीही नसते, ती वेगळी कारागिरी आहे आणि तिचं मोल वेगळ्या हिशोबाने होतं.

घरी करता येईल अशी पारख

यातल्या एकाही खुणेवर एकट्याने निकाल देऊ नका. तीन-चार खुणा एकाच बाजूला बोट दाखवू लागल्या, की मग अंदाज बांधा.

नजर: दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ पाहा. दुकानातल्या दिव्याखाली सगळेच निळे खडे खुलतात. माळेतले सगळे दाणे तंतोतंत एकाच छटेचे आणि एकाच नक्षीचे असतील तर शंका घ्या. कुदरती माळेत थोडा उन्नीस-बीस असतोच.

रेषा: खऱ्या जाळीच्या रेषा दगडात रुतलेल्या असतात, कुठे जाड, कुठे बारीक, कुठे तुटक. नखाला कधी किंचित खोल किंवा उंचवटा लागतो. छापल्यासारख्या सपाट, एकसारख्या काळ्या रेषा असतील तर माल बनावट असण्याची शक्यता जास्त.

भिंग: सोनाराकडचं दहापट मोठं दाखवणारं भिंग मागा. भेगांमध्ये रंग गडद साचलेला दिसला तर खडा रंगवलेला. आत गोल बुडबुडे दिसले तर काच. काठावर साच्याची रेघ दिसली तर प्लास्टिक.

मण्याचं भोक: ही फार उपयोगी खूण आहे. दोरा सरकवून भोकाच्या आत पाहा. बाहेर निळा आणि आत पांढरा दिसला तर रंगवलेलं होलाइट किंवा मॅग्नेसाइट. अंगठीचं कोंदण मागून उघडं असेल तर खड्याची पाठही पाहा. पाठीला काळा किंवा राखाडी लेप असेल तर पातळ खड्याला आधार म्हणून राळ चिकटवलेली असते. मग वजन फिरोजाचं नव्हे, राळेचंही धरलं जातंय हे समजा.

वजन आणि स्पर्श: फिरोजाची घनता 2.6 ते 2.9 च्या दरम्यान असते, प्लास्टिकची साधारण निम्मी. तेवढ्याच आकाराचा खरा खडा हाताला भारी आणि सुरुवातीला गार लागतो. पण होलाइट आणि काचही गार लागतात, म्हणून यावरून फक्त प्लास्टिक बाजूला काढता येतं. खड्याचं हवेतलं आणि पाण्यातलं वजन तोलून घनता काढण्याची रीत अल-बिरुनी यांच्याही आधीची. त्यांनी ती रत्नांसाठी बारकाईने वापरली. आजचे पारखीही सुट्या खड्यावर तीच वापरतात.

भाव: हातभर लांब, गडद निळी, मोठ्या दाण्यांची माळ काही शे रुपयांत मिळत असेल, तर ती प्रक्रिया न केलेला फिरोजा असूच शकत नाही. आवडली तर जरूर घ्या, पण नक्कल म्हणून घ्या.

या चाचण्या करू नका

लाल तापवलेली सुई टोचा, प्लास्टिकचा वास आला तर खोटा, असं बरेच जण सांगतात. सुईने राळ ओळखू येते हे खरं, पण खऱ्या खड्यालाही डाग पडतो किंवा तो तडकतो. वारशाच्या खड्यावर हा प्रयोग म्हणजे स्वतःच्या हाताने नुकसान.

ॲसिटोन, म्हणजे नेलपॉलिश काढायचं द्रव, कापसावर घेऊन घासलं तर कच्चा रंग उतरतो. स्वस्त माळेच्या एका कडेच्या दाण्यावर हे करून पाहायला हरकत नाही. चांगल्या खड्यावर नको. आणि रंग उतरला नाही म्हणजे खडा खरा, असाही अर्थ काढू नका, कारण वर लाखेचा किंवा राळेचा थर असला तर रंग आतच राहतो.

चाकूने ओरखडा काढणं, लिंबू किंवा तेजाब टाकणं, जाळून पाहणं यांचाही मोह टाळा.

लॅबचा रिपोर्ट

नजर आणि भिंग नक्कल पकडायला मदत करतात. पण कुदरती आणि स्टॅबिलाइज्ड यांतला फरक घरी करता येत नाही. तिथे लॅबच हवी. मुंबईत जेमोलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासारख्या संस्था आणि जयपुरातल्या रत्नतपासणी लॅब खडे तपासून रिपोर्ट देतात. जायच्या आधी फी विचारून घ्या. साध्या चांदीच्या अंगठीला लॅबचा खर्च परवडणार नाही, पण खड्यासाठी मोठी रक्कम मागत असतील किंवा वारशाचा मामला असेल तर तो खर्च वाया जात नाही.

रिपोर्टवर ‘नॅचरल’ एवढाच शब्द पाहून थांबू नका. ‘ट्रीटमेंट’ ही ओळ वाचा. ‘इम्प्रेग्नेटेड’ लिहिलं असेल तर राळ किंवा मेण भरलेलं आहे, ‘डाइड’ म्हणजे रंगवलेला. वजन, माप आणि फोटो आपल्याच खड्याचे आहेत का ते जुळवा. दुकानदाराने स्वतःच छापलेलं कार्ड म्हणजे लॅबचा रिपोर्ट नव्हे.

आणि दागिन्यावरचा हॉलमार्क? तो फक्त सोन्या-चांदीचा कस सांगतो. खड्याबद्दल एक अक्षरही सांगत नाही.

किंमत कशाने ठरते

पहिला रंग. एकसारखा, मध्यम ते गडद आकाशी निळा सर्वात महाग. फिका, डागाळलेला किंवा फार हिरवट झाला की भाव उतरतो. मात्र तिबेटी पसंतीत हिरव्यालाही मान आहे.

दुसरा पक्केपणा. घट्ट खड्याला चिनीमातीसारखी गुळगुळीत झळाळी येते. भुसभुशीत खडा कितीही पॉलिश करा, मंदच राहतो.

तिसरी जाळी. रेषा अजिबात नसणं किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक, एकसारखी जाळी असणं, दोन्हीला किंमत आहे. मधले ओबडधोबड डाग भाव खाली आणतात.

चौथी प्रक्रिया, आणि पाचवा आकार. फिरोजा बहुधा घुमटाकार घासतात. घुमट चांगला उंच, काठ सारखे, पाठ जाड असावी.

सहावी कारागिरी. इराणातल्या इस्फहान आणि मशहदच्या ‘फिरोजाकूबी’च्या भांड्यांवर फिरोजाचे बारीक तुकडे धातूवर चिकटवलेले असतात. तिथे खड्याला फार मोल नसतं, हाताच्या कामाला असतं. तुकडे जितके सलग आणि मधल्या फटी जितक्या कमी, तितकं काम उत्तम.

रत्ती, कॅरेट आणि बिल

खड्याचं वजन आपल्याकडे अजूनही रत्तीत सांगतात आणि इथेच गडबड होते. सोनाराची जुनी रत्ती सुमारे 121 मिलिग्रॅमची, म्हणजे तोळ्याला 96. खड्यांच्या बाजारातली रत्ती सुमारे 182 मिलिग्रॅमची. दहा रत्तीचा खडा एका हिशोबाने सुमारे 1.2 ग्रॅम, दुसऱ्या हिशोबाने 1.8 ग्रॅम. फरक दीडपट. म्हणून वजन कॅरेटमध्ये किंवा ग्रॅममध्येच लिहून घ्या. एक कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम, हे माप सगळीकडे सारखं आहे.

सोन्याच्या दागिन्यात दुसरी खबरदारी. समजा अंगठी 8 ग्रॅमची आहे आणि त्यात खडा 2 ग्रॅमचा. सोन्याचा भाव 6 ग्रॅमलाच लागला पाहिजे. बिलावर एकूण वजन, सोन्याचं निव्वळ वजन, खड्याचं वजन आणि किंमत, घडणावळ, हे सगळं वेगवेगळं असावं. कुंदनाच्या कामात आत लाख भरलेली असते, तिचंही वजन वजा व्हायला हवं. खड्याचं वर्णन ‘फिरोजा, कुदरती, प्रक्रिया नाही’ किंवा ‘स्टॅबिलाइज्ड’ असं स्पष्ट लिहून घ्या. ‘ब्ल्यू स्टोन’ एवढंच लिहिलेलं बिल उद्या तुमच्या काहीच कामाचं नाही.

‘बरकतचा खडा’ आणि त्याचा भाव

फिरोजा घातल्याने रोजी वाढते, नजर लागत नाही, संकट आलं की खडा तडकून मालकाला वाचवतो, अशी विक्री सर्रास चालते. शिया घरांत अकीक आणि फिरोजाला खास मान आहे आणि त्याबद्दलच्या रिवायती त्यांच्या ग्रंथांत आहेत. खड्यांच्या फजीलतीच्या बऱ्याच रिवायती सुन्नी उलेमा कमजोर मानतात. नफा-नुकसान दगडाच्या हातात आहे असं समजण्यापासून मात्र सगळेच आलिम रोखतात. अकीद्याचा मसला आपापल्या आलिमांकडून समजून घ्यावा. आमचं म्हणणं किमतीपुरतं आहे: दुआ पढून दिला, मजारीला लावून आणला, ‘सिद्ध’ केला, म्हणून खड्याचा बाजारभाव एका रुपयानेही वाढत नाही. आणि तडकलेला खडा बहुधा भुसभुशीत असतो किंवा उष्णतेने तडकलेला असतो.

विकणाऱ्या भावांसाठीही एक शब्द. धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आत ओल लागली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी व्यापाऱ्याला ती लोकांना दिसेल अशी वर का ठेवली नाहीस असं विचारलं, ही हदीस आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. राळ भरलेला खडा कुदरती म्हणून विकणं म्हणजे तीच आतली ओल. ऐब लपवून विकलेला माल परत करण्याचा हक्क फिकहने खरेदीदाराला दिला आहे, त्याला ‘खियार-ए-ऐब’ म्हणतात.

मेहेर, वारसा आणि जकात

मेहेरमध्ये दागिना ठरला असेल तर निकाहनाम्यात किंवा सोबतच्या कागदावर सोन्याचं निव्वळ वजन, कस आणि खड्याचं वर्णन लिहा. ‘फिरोजाचा सेट’ एवढं पुरेसं नाही. उद्या वाद झाला तर मुलीच्या हातात काहीतरी ठोस असावं.

वारशात तर जास्तच काळजी घ्यावी. काही घरांत भाऊ सोनं घेतात आणि ‘अम्मीची आठवण’ म्हणून खडे बहिणींकडे येतात, किंमत मात्र अंदाजाने मनमानी लावली जाते. कधी खोटा खडा लाखाचा ठरतो, कधी खरा खडा कचऱ्यात जातो. वाटणीआधी दोन वेगवेगळ्या पारख्यांकडून आजचा भाव काढा. भाव म्हणजे नवा घेताना लागणारी किंमत नव्हे, आज विकायला काढला तर हातात पडणारी रक्कम. मोडीला देताना सराफ बहुधा खड्याचे काहीच धरत नाही, म्हणून आधी खडा वेगळा दाखवा. मग ज्याला आठवण हवी त्याने ती आपल्या हिश्शात धरून घ्यावी. मन मोकळं राहतं आणि शरीयतचा हिस्साही पुरा होतो.

हिरवा पडला म्हणून जुना खडा फेकू नका. घाम आणि तेल पिऊन रंग बदलणं हा प्रक्रिया न केलेल्या, सच्छिद्र फिरोजाचा स्वभाव आहे. काच आणि प्लास्टिक असे हिरवे होत नाहीत. रंग उतरल्याने भाव कमी होतो, पण ‘हिरवा म्हणजे खोटा’ असं सांगून कुणी तो फुकटात काढून घेत असेल तर देऊ नका. रंग परत आणून देतो म्हणणाऱ्यांपासूनही सावध राहा, बहुधा वरून रंग किंवा तेल लावलं जातं.

जकातीबद्दल थोडक्यात. वापरासाठी घेतलेल्या खड्यांवर जकात नाही, विक्रीसाठी ठेवलेल्या मालावर आहे. ज्यात तो बसवला आहे त्या सोन्या-चांदीचा हिशोब वेगळा. हनफी मतात वापरातल्या दागिन्यांच्या सोन्या-चांदीवरही निसाब पुरा झाल्यास जकात आहे. शाफई मतात, म्हणजे आपले बहुतेक कोकणी मुस्लिम ज्यावर चालतात त्यात, वापरातल्या जायज दागिन्यांना सूट आहे. म्हणूनही निव्वळ वजन माहीत असणं गरजेचं.

निगा

फिरोजा सर्वात शेवटी घाला आणि सर्वात आधी काढा. अत्तर, क्रीम, हेअर ऑइल लावून झाल्यावर अंगठी घालावी. मेहंदी लावताना ती काढूनच ठेवा, खडा रंग पिऊ शकतो. हळद, तेल, मसाल्याचं काम करतानाही तेच.

वजूत अंगठीखाली पाणी पोहोचणं जरुरी आहे. मागून बंद कोंदणात पाणी आणि साबण अडकून राहतात, म्हणून वजूला अंगठी काढून खिशात ठेवणं खड्यालाही बरं आणि वजूलाही. निदान नंतर मऊ कापडाने पुसून कोरडी करा.

चांदी काळी पडली म्हणून चिंच, लिंबू, टूथपेस्ट किंवा चांदी धुण्याचं द्रव वापरू नका. ओलसर मऊ कापड पुरे. सोनाराला अंगठी मोठी-लहान करायला देताना आधी खडा काढायला सांगा, कारण झाळण्याची आच आणि नंतरचं तेजाब दोन्ही त्याला मारक. अल्ट्रासॉनिक मशीनमध्येही टाकू देऊ नका. उन्हात, गाडीच्या काचेमागे ठेवू नका. वेगळ्या मऊ पिशवीत ठेवा, हिरे-माणकं आणि अकीकही त्याला चरे पाडतात.

फसवणूक झाली तर

आधी दुकानदाराला बिल आणि लॅबचा रिपोर्ट दाखवून लेखी मागणी करा. बरेच मामले इथेच मिटतात. नाही मिटला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. त्यासाठी मुदत साधारण दोन वर्षांची आहे आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. ऑनलाइन घेतलेल्या मालासाठी जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. परदेशातून आणलेल्या अंगठीबाबत मात्र इथे काही करणं अवघड, म्हणून जियारतला किंवा उमराहला जाणाऱ्यांनी तिकडे आठवण म्हणून परवडेल तेवढंच घ्यावं, गुंतवणूक म्हणून नव्हे.

दुकानात विचारायचे पाच प्रश्न

1. हा कुदरती आहे, स्टॅबिलाइज्ड आहे, की जोडून बनवलेला?
2. रंग, मेण किंवा राळ वापरली आहे का? पाठीला लेप आहे का?
3. खड्याचं वजन कॅरेटमध्ये किती आणि धातूचं निव्वळ वजन किती?
4. हे सगळं बिलावर लिहून द्याल का?
5. लॅबने वेगळं सांगितलं तर परत घ्याल का, आणि किती दिवसांत?

खरा व्यापारी या प्रश्नांनी नाराज होत नाही. चौथ्या प्रश्नालाच कुणी टाळाटाळ करू लागला, तर सलाम करून पुढच्या दुकानात जावं.